जाहिरातीतले ४६ गिगाबिट आणि चिपमधले १६ मायक्रोसेकंद

प्रश्न थोडक्यात असा: «मी ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) शेवटच्या वर्षाला आहे. वाय-फाय ७ च्या जाहिरातीत ४६ गिगाबिट लिहितात. हा वेग चिपमध्ये नेमका कुठून येतो? मानकात सगळं गणित छापलेलं असताना नवी चिप काढायला तीन-तीन वर्षं का लागतात? आणि या क्षेत्रात यायचं तर डिजिटल शिकू की आरएफ (रेडिओचा भाग)?»

तीन प्रश्न एका दमात विचारलेत, पण ते एकमेकांना चिकटलेले आहेत, तेव्हा उत्तरही एकत्रच देतो. मी वीसेक वर्षं वाय-फायच्या चिपांवर काम करतो. सुरुवात बेसबँडच्या, म्हणजे बिटांच्या गणिताच्या, डिजिटल भागात झाली. पुढे फॅबमधून (चिपच्या कारखान्यातून) परत आलेली चिप टेबलावर जिवंत करायची, ती जिथे अडते तिथे का अडते ते शोधायचं, या कामात रमलो ते अजून तिथेच आहे. त्यामुळे माझं उत्तर थोडं त्या टेबलाकडे झुकलेलं असेल.

आधी ४६ चा हिशेब मांडू, तो कागद-पेन्सिलीने होतो. १९९९ चं ८०२.११ए, म्हणजे वाय-फायचं एक आरंभीचं मानक, घ्या. २० मेगाहर्ट्झचं चॅनल, त्याचे ६४ बारीक उपवाहक (शेजारी-शेजारी चालणाऱ्या रेडिओ लहरी), प्रत्येकात ३१२.५ किलोहर्ट्झचं अंतर. कडेचे आणि मधला सोडून, पायलट (मोजणीसाठी राखीव) वगळून डेटासाठी उरतात ४८. प्रत्येकावर ६४-क्वॅम (लहरीवर बिट लादायची पद्धत, पुढे सांगतो), म्हणजे ६ बिट. त्यातले तीन-चतुर्थांश खरे, बाकीचे चूक दुरुस्तीचे. ४८ गुणिले ६ गुणिले पाऊण म्हणजे २१६ बिट. हे एक सिम्बॉल, म्हणजे एकदम पाठवायचा बिटांचा गठ्ठा, जायला लागतात ४ मायक्रोसेकंद: ३.२ कामाचे आणि ०.८ मोकळे. २१६ भागिले ४, ५४ मेगाबिट. झालं.

आता वाय-फाय ७. चॅनल ३२० मेगाहर्ट्झ, डेटाचे उपवाहक ३९२०, प्रत्येकावर १२ बिट, त्यातले पाच-षष्ठांश खरे. बरोबर ३९,२०० बिट. सिम्बॉल १३.६ मायक्रोसेकंदांचं. भागाकार केला की २.८८ गिगाबिट, एका प्रवाहाला, म्हणजे एका अँटेनाच्या वाट्याला. असे १६ प्रवाह धरले की ४६. सोळा प्रवाहांची चिप मी अजून डोळ्यांनी पाहिलेली नाही. तुमच्या लॅपटॉपला दोनच अँटेना असतात, म्हणजे अगदी सगळं जुळून आलं तर पावणेसहा गिगाबिट. आणि तेही राउटर त्याच खोलीत, नजरेसमोर असेल तर.

दोन्ही हिशेबांची मांडणी एकच आहे हे लक्षात आलं असेल. पंचवीस वर्षांत मूळ कल्पना बदललेली नाही. ती कल्पना मुळात घरातल्या प्रतिध्वनींवरचा उपाय आहे. भिंती, लोखंडी कपाट, फ्रिज यांवरून आपटून एकच सिग्नल वेगवेगळ्या वेळी पोहोचतो आणि वेगाने पाठवलेले बिट एकमेकांवर चढतात. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत जॉन ओ'सलिव्हन आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी यावर तोड काढली: एक वेगवान प्रवाह पाठवण्याऐवजी बरेच संथ प्रवाह शेजारी-शेजारी पाठवा, आणि प्रत्येक सिम्बॉलच्या आधी प्रतिध्वनी विरायला थोडी जागा सोडा. ओ'सलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्रातले. विस्कटलेला सिग्नल फुरिये रूपांतराने सरळ करणं हे त्यांच्या हातचं काम होतं. पेटंटचा अर्ज १९९२ चा, अमेरिकेतलं पेटंट जानेवारी १९९६ चं. वरचे ते ०.८ मायक्रोसेकंद म्हणजे हीच मोकळी जागा. तेवढ्या वेळात लहर २४० मीटर जाते, घरातला कुठलाही प्रतिध्वनी त्यात बसतो.

पेटंटपासून चिपपर्यंतचा रस्ता मात्र वेगळ्या माणसांनी काढला. सिडनीच्या मॅक्वेरी विद्यापीठातले डेव्हिड स्केलर्न आणि नील वेस्ट यांनी १९९७ मध्ये रेडिएटा नावाची कंपनी काढली आणि ५ गिगाहर्ट्झवर ५४ मेगाबिट देणारी चिप बनवून दाखवली. व्हीएलएसआय (चिपची रचना) शिकताना ज्यांचं जाडजूड पाठ्यपुस्तक तुम्ही उघडलं असेल तेच हे वेस्ट. नोव्हेंबर २००० मध्ये सिस्कोने ती कंपनी साडेएकोणतीस कोटी डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं. त्याच सुमाराला कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्डच्या टेरेसा मेंग यांच्या अथेरॉस कंपनीने ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ साध्या ०.२५ मायक्रॉनच्या सीमॉसमध्ये बसवला. रेडिओसाठी गॅलियम आर्सेनाइड किंवा सिलिकॉन-जर्मेनियमच हवं, असं तेव्हा पुष्कळांचं मत होतं. संगणकाच्या चिपा ज्या स्वस्त सिलिकॉनवर निघतात त्यावरच रेडिओ निघाला आणि वाय-फाय फोनपासून बल्बपर्यंत सगळ्यात शिरलं.

आणि अनेक अँटेनांचे अनेक प्रवाह? त्यातलं एक आरंभीचं पेटंट स्टॅनफर्डचे आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलाथ यांच्या नावावर आहे, अर्ज १९९२ चा, मंजुरी १९९४ ची. पॉलराज भारतीय नौदलात सोनार बनवून मग तिकडे गेलेले. कैलाथ यांचा जन्म पुण्याचा, आणि १९५६ ची टेलिकम्युनिकेशनची पदवी पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयाची. तुमच्याच शाखेची, थोडक्यात.

आता मुद्द्यावर येतो. वरच्या गुणाकारातला प्रत्येक आकडा मानक तयार करणाऱ्यांनी वाढवून दिला: चॅनल रुंद केलं, बिट वाढवले, प्रवाह वाढवले. त्या प्रत्येक वाढीचं बिल चिप बनवणाऱ्याकडे येतं, आणि ते दोन नाण्यांत चुकवावं लागतं. एक डेसिबल, दुसरं मायक्रोसेकंद. माझं वीस वर्षांचं काम म्हणजे या दोन नाण्यांची मोड शोधत बसणं.

डेसिबल, म्हणजे पॉवरचं गुणोत्तर मोजायचं माप, आधी. क्वॅम म्हणजे काय ते पुस्तकात वाचलं असेल. मी नव्या मुलांना ठिपक्यांची रांगोळी सांगतो. ६४-क्वॅम म्हणजे आठ बाय आठ ठिपके. ४०९६-क्वॅम म्हणजे चौसष्ट बाय चौसष्ट, पण उंबरठा तेवढाच. पाठवणारा एक ठिपका टाकतो, घेणाऱ्याने ओळखायचं की कुठला. बोट जरा हललं की ठिपका शेजारच्याच्या अंगणात. हे बोट हलणं आम्ही ईव्हीएम (एरर व्हेक्टर मॅग्निट्यूड) या आकड्याने मोजतो. ८०२.११ए मध्ये ५४ मेगाबिटला उणे २५ डेसिबल चालायचं, म्हणजे सिग्नलच्या ५.६ टक्के चूक. दोन ठिपक्यांमधलं अर्धं अंतर तेव्हा १५ टक्के होतं. ऐसपैस. ४०९६-क्वॅमला उणे ३८ डेसिबल लागतं, म्हणजे चूक १.२६ टक्के, आणि अर्धं अंतर किती? १.९ टक्के. म्हणजे नियमात बसणाऱ्या चिपचेही काही ठिपके शेजाऱ्याकडे पडणारच. ते निस्तरायचं काम चूक दुरुस्तीच्या कोडचं.

बरं, हे १.२६ टक्के एकट्या कुणाचे नाहीत. त्यात वाटेकरी आहेत. समजा माझा ट्रान्समीटर आहे. ऑसिलेटरच्या फेज नॉइजला (लहरीच्या तालातल्या थरथरीला) उणे ४५ दिले. पॉवर अँप्लिफायरच्या वाकडेपणाला उणे ४४. आय आणि क्यू या दोन शाखांमधल्या तफावतीला उणे ५०, उष्णतेच्या नॉइजला उणे ५०, डीएसीला (डिजिटलचं अॅनालॉग करणाऱ्या सर्किटला) उणे ५२. बेरीज डेसिबलमध्ये नाही, पॉवरमध्ये करायची. करून पाहा, उणे ४० येतं. हातात उरले दोन डेसिबल. त्या दोनमध्ये मे महिन्यातल्या गच्चीखालच्या खोलीचं तापमान, चिप-चिपमधला फरक, स्वस्त बोर्ड आणि फॅक्टरीतल्या मोजणी यंत्राची स्वतःची चूक. डिझाइन रिव्ह्यूमध्ये भांडणं होतात ती याच दोन डेसिबलांवरून. अॅनालॉगवाला म्हणतो अर्धा डेसिबल मला द्या, डिजिटलवाला म्हणतो मी एक बिट वाढवतो पण मग वीज तुम्ही द्या.

फेज नॉइजचे उणे ४५ जवळून पाहू, कारण तिथे हा खेळ किती बारीक आहे ते दिसतं. उणे ४५ म्हणजे ०.००५६ रेडियन, साधारण एक-तृतीयांश अंश. ७ गिगाहर्ट्झच्या वाहकावर एवढ्या कोनाचा वेळ काढला तर १२८ फेमटोसेकंद निघतो. तेवढ्या वेळात प्रकाश ३८ मायक्रॉन जातो, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. आणि ही शिस्त पाळायला हाताशी काय, तर बोर्डावरचा काही रुपयांचा ४० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. त्याला १७५ ने गुणून ७ गिगाहर्ट्झ करायचे. गुणाकारात क्रिस्टलचा नॉइजही ४५ डेसिबलने चढतो. म्हणून चांगला पीएलएल (हा गुणाकार करणारं सर्किट) बनवणाऱ्या माणसाला आमच्याकडे मान असतो आणि त्याच्या सुट्ट्या सगळ्यांना पाठ असतात.

पॉवर अँप्लिफायरचं दुखणं निराळं. हजारो उपवाहक आपापल्या तालात चाललेले असतात, पण अधूनमधून बरेच एकदम शिखरावर येतात. ढोल-ताशा पथकात सगळ्या ढोलांवर टिपरू एकाच क्षणी पडावं तसं. सरासरीपेक्षा दहापट पॉवरचं शिखर येतं. अँप्लिफायर त्या शिखरासाठी मोठा ठेवायचा आणि बाकी सगळा वेळ तो सरासरीवर, म्हणजे आपल्या कुवतीच्या दहाव्या हिश्श्यावर चालवायचा. तिथे त्याची कार्यक्षमता केविलवाणी असते. राउटर गरम का होतो, याचं मोठं कारण हे. उपाय म्हणून अँप्लिफायर जसा वाकवणार त्याच्या उलट सिग्नल आधीच डिजिटलमध्ये वाकवून पाठवतात. कागदावर छान. प्रत्यक्षात पॅकेट सुरू झालं की अँप्लिफायर थंड असतो, पुढच्या काही दहा मायक्रोसेकंदांत तापतो आणि त्याचा गेन (सिग्नल वाढवायचं प्रमाण) सरकतो. घेणाऱ्याने चॅनलचा अंदाज पॅकेटच्या सुरुवातीलाच, थंड अँप्लिफायरवर बांधलेला असतो. मग पॅकेटच्या शेपटाकडे ईव्हीएम बिघडतं. सलग सिग्नल सोडून मोजलं तर सगळं ठीक दिसतं! मोजणी नेहमी खऱ्या पॅकेटांवर करा, हे मी दर वर्षी नव्या मुलांना सांगतो आणि दर वर्षी कुणीतरी सलग सिग्नलचा सुंदर आलेख घेऊन येतोच.

आता मायक्रोसेकंदांकडे. याबद्दल पुस्तकात फार कमी असतं, पण चिपची रचना ठरते ती यानेच.

वाय-फायमध्ये पॅकेट नीट मिळालं की घेणाऱ्याने पोच द्यायची, आणि ५ गिगाहर्ट्झमध्ये ती बरोबर १६ मायक्रोसेकंदांनी हवेत गेली पाहिजे. ना आधी, ना नंतर. हे १६ मायक्रोसेकंद १९९९ मध्ये ठरले आणि आजही तेच आहेत. तेव्हा शेवटच्या सिम्बॉलमध्ये २१६ बिट होते. आज दोन प्रवाहांना ७८,४०० आहेत. शेवटचं सिम्बॉल आलं की ४०९६ बिंदूंचं फुरिये रूपांतर, प्रत्येक उपवाहकावर दोन अँटेनांचा गुंता सोडवणं, मग एलडीपीसी या चूक दुरुस्तीच्या कोडचा डीकोडर, मग शेवटची बेरीज जुळते का ते पाहणं, पोच तयार करणं, रेडिओ घेण्यावरून पाठवण्यावर फिरवणं, अँप्लिफायर चालू करणं. सगळं १६ मध्ये.

एलडीपीसीचा एक शब्द जास्तीत जास्त १९४४ बिटांचा असतो. दोन प्रवाहांच्या एका सिम्बॉलमध्ये असे अठ्ठेचाळीसहून जास्त शब्द येतात, म्हणजे एका शब्दाला सरासरी २८० नॅनोसेकंद. डीकोडर ६४० मेगाहर्ट्झवर चालवला तर क्लॉकचे १८० ठोके. आणि एका शब्दावर आठ-दहा फेऱ्या माराव्या लागतात, तेव्हा फेरीला अठरा-वीस ठोके. एक डीकोडर पुरत नाही, चार-पाच शेजारी-शेजारी ठेवायचे. मग सिलिकॉनचं क्षेत्रफळ वाढतं, वीज वाढते आणि खर्चाचं पत्रक बघणारे साहेब विचारतात, एक कमी केला तर काय होईल? तर असं होईल, की पोच उशिरा जाईल, समोरचा समजेल पॅकेट हरवलं, आणि तेच पुन्हा पाठवेल. वेग निम्मा. चिप मात्र प्रत्येक चाचणीत पास, कारण बिट तर सगळे बरोबर आलेत.

हे दुखणं इतकं सार्वत्रिक होतं की ८०२.११एएक्समध्ये, म्हणजे वाय-फाय ६ मध्ये, त्यासाठी कायदेशीर पळवाटच ठेवली. पॅकेटच्या शेवटी १६ मायक्रोसेकंदांपर्यंतचं निरर्थक शेपूट जोडता येतं, वाय-फाय ७ मध्ये २० पर्यंत. त्यात माहिती काहीच नसते. घेणाऱ्या चिपला श्वास घ्यायला तेवढीच फुरसत. मानकांच्या बैठकीत कंपन्या एकमेकींच्या उरावर बसलेल्या असतात, पण या बाबतीत सगळ्यांच्या डीकोडरला दम लागत असणार.

पॅकेटच्या दुसऱ्या टोकालाही अशीच घाई. पॅकेट कधी येणार आणि किती जोरात येणार, चिपला माहीत नसतं. टेबलावरच्या फोनकडून उणे ३० डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल) येईल, दोन भिंतींपलीकडून उणे ८५. पॉवरमध्ये हा फरक तीन लाख पटींचा. पॅकेटच्या सुरुवातीच्या ८ मायक्रोसेकंदांत ०.८ मायक्रोसेकंदांचा एक नमुना दहा वेळा येतो. पहिल्या चार-पाच वेळांत पॅकेट आलं हे ओळखायचं आणि गेन लावायचा. उरलेल्या वेळात समोरच्याच्या क्रिस्टलशी आपल्या क्रिस्टलचा किती फरक आहे ते मोजायचं. गेन एकदा चुकला तर पुढचं सगळं पॅकेट मातीत. वाय-फाय ७ चं पॅकेटही याच १९९९ च्या २० मायक्रोसेकंदांनी सुरू होतं, जुन्यातल्या जुन्या राउटरलाही निदान वाट अडलीय एवढं कळावं म्हणून.

या ठरावीक वेळांमुळे एक गंमत होते, ती आकड्यांतच दाखवतो. १५०० बाइटचं पॅकेट ५४ मेगाबिटने जायला २२२ मायक्रोसेकंद लागतात. त्याच्या आधीची वाट पाहणी, सुरुवातीचा नमुना, मधला विराम, पोच हे सगळं मिळून १६५. म्हणजे हातात पडतात ३१ मेगाबिट. आता वेग ६०० केला. डेटा २० मायक्रोसेकंदांत गेला, पण वरचा खर्च तसाच, उलट सुरुवातीचा भाग लांबल्यामुळे थोडा जास्तच. हातात पडतात साठच्याही आत. रेडिओ अकरा पट वेगवान, माणसाला फायदा जेमतेम दुपटीचा. म्हणून ८०२.११एन पासून बरीच पॅकेटं एका माळेत ओवून एकदम पाठवतात आणि सगळ्यांची पोच एकत्र देतात. तेव्हा माळेत ६४ पॅकेटं असत, वाय-फाय ७ मध्ये १०२४. त्यासाठी चिपमध्ये मेमरी लागते, आणि चिपचं नकाशाचित्र पाहिलंत तर निम्मी जागा मेमरीच्या चौकोनांनी खाल्लेली दिसेल. वेगवान वाय-फायची चिप म्हटल्यावर लोकांना रेडिओ आठवतो. मला ते चौकोन आठवतात.

आता एक प्रसंग सांगतो. तुमच्या तिन्ही प्रश्नांचा धागा त्यात आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, कंपनीचं नाव सांगत नाही. २.४ गिगाहर्ट्झची आमची चिप फॅबमधून परत आली. पहिल्या आठवड्यात सगळं झकास. मग थ्रूपुटच्या (प्रत्यक्ष वेगाच्या) चाचणीत एक विचित्र प्रकार दिसला: चॅनल १ वर उत्तम, ११ वर उत्तम, ६ वर तिसरा हिस्सा. ईव्हीएम पाहिलं, स्वच्छ. पॉवर बरोबर. पहिला संशय नेहमीप्रमाणे शेजारच्या ऑफिसच्या राउटरवर. बोर्ड उचलून शील्ड केलेल्या खोलीत नेला, दार लावलं, फोन बाहेर ठेवले. फरक शून्य.

चिपमध्ये एक काउंटर असतो, पॅकेट आल्यासारखं वाटलं पण निघालं नाही, असं किती वेळा झालं ते मोजणारा. शील्ड खोलीत, हवेत काहीही नसताना, चॅनल ६ वर तो काउंटर रिक्षाच्या मीटरसारखा पळत होता. चिपला सतत भास होत होता की कुणीतरी बोलतंय. दर भासाला ती पुढचे वीसेक मायक्रोसेकंद ऐकत बसायची, तेवढ्यात खरं पॅकेट आलं तर ते चुकायचं, आणि स्वतःला पाठवायचं असलं तरी वाट अडलीय समजून थांबायची.

दोन दिवस अँटेना, केबल, पॉवर सप्लाय बदलण्यात गेले. तिसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने दुसरं एक रजिस्टर वाचलं: भास झाला त्या वेळी चिपने समोरच्याच्या वारंवारितेतला फरक किती मोजला? दर वेळी ५०० किलोहर्ट्झ. दर वेळी, अगदी तेवढाच. चॅनल ७ वर लावलं, तरी ५००. चहा तसाच राहिला आणि आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. बोर्डावरचा क्रिस्टल ४० मेगाहर्ट्झचा. त्याचा एकसष्टावा हार्मोनिक, म्हणजे ६१ पट वारंवारितेची लहर, २४४० मेगाहर्ट्झ. चॅनल ६ चं केंद्र २४३७. म्हणजे केंद्रापासून बरोबर ३ मेगाहर्ट्झवर एक सूर वाजतोय. पॅकेट ओळखणारं सर्किट काय करतं, तर आत्ताचा सिग्नल ०.८ मायक्रोसेकंदांपूर्वीच्या सिग्नलशी जुळतो का ते पाहतं, कारण नमुना तेवढ्यानेच पुन्हा येतो. पण एकाच सुराची लहर तर कशाशीही जुळते, फक्त फेज फिरते. ०.८ मायक्रोसेकंदांत ३ मेगाहर्ट्झची लहर २.४ फेऱ्या मारते. पूर्ण फेऱ्या दिसत नाहीत, उरतात ०.४, आणि त्याचा अर्थ सर्किट लावतं ५०० किलोहर्ट्झ. चॅनल ५ मेगाहर्ट्झने सरकलं की बरोबर चार पूर्ण फेऱ्यांचा फरक पडतो, म्हणून ७ वरही उत्तर तेच. बाहेरचा कुठलाही सिग्नल असता तर आकडा थोडा तरी हलला असता. हा हलत नव्हता, कारण सूरही आमच्याच क्रिस्टलचा आणि मोजपट्टीही त्याच क्रिस्टलची. चिप स्वतःचीच नाडी ऐकून दचकत होती.

कारण लेआउटमध्ये सापडलं. क्लॉकचा एक बफर आणि रिसीव्हरचा पहिला अँप्लिफायर ग्राउंडची एकच तार वाटून घेत होते. क्लॉकवाल्याच्या दृष्टीने ग्राउंड म्हणजे ग्राउंड, त्याची चूक म्हणावी अशी नाही. तात्पुरती सोय रजिस्टरमधून झाली: दोन क्रिस्टलांतला फरक मिळून २.४ गिगाहर्ट्झला १२० किलोहर्ट्झच्या पलीकडे जाऊच शकत नाही, तेव्हा त्याहून मोठा फरक मोजला गेला तर तो भास समजून सोडून द्यायचा. बफरचा जोरही कमी केला. पुढच्या फेरीत फक्त वरच्या मेटलचे मास्क बदलून ग्राउंड वेगळं केलं.

ही एक चूक. अशा पन्नास निघतात, आणि एकही सिम्युलेशनमध्ये दिसलेली नसते, कारण डिजिटलचं सिम्युलेशन ग्राउंडची तार आदर्श मानतं आणि आरएफचं सिम्युलेशन त्या क्लॉकला ओळखतच नाही. तीन वर्षं जातात ती इथे. मॉडेल लिहायला काही महिने, आरटीएल (सर्किटचं वर्णन करणारा कोड) लिहायला त्याहून थोडे जास्त, व्हेरिफिकेशनला त्याच्या दुप्पट, रेडिओची एक-दोन चाचणी चिपा, मग टेप-आउट (डिझाइन फॅबला पाठवणं), फॅबमधून परत यायची वाट, टेबलावरची झटापट, पुन्हा टेप-आउट. शिवाय मानक स्वतः हलत असतं. वाय-फाय ६ चं प्रमाणन सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालं, ८०२.११एएक्सला मंजुरी मिळाली फेब्रुवारी २०२१ मध्ये. वाय-फाय ७ चं प्रमाणन जानेवारी २०२४ चं, आणि त्याचं मानक ८०२.११बीई प्रसिद्ध झालं २०२५ मध्ये. मसुद्यावरच चिप काढावी लागते. मसुद्यातलं एक वाक्य बदललं की कुणाचा तरी दिवाळीचा फराळ ऑफिसात होतो.

स्पेक्ट्रमही आपल्या हातात नसतं. ३२० मेगाहर्ट्झचं चॅनल फक्त ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मावतं. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये १२०० मेगाहर्ट्झ मोकळे केले, त्यात अशी तीन चॅनलं शेजारी-शेजारी बसतात. भारताने मे २०२५ मध्ये जो मसुदा काढला तो ५९२५ ते ६४२५ या खालच्या ५०० मेगाहर्ट्झपुरता, त्यात बसतं एकच. एकाच इमारतीतल्या वीस घरांनी ते वापरायचं ठरवलं तर काय होईल ते तुम्हीच ताडा. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याने ३२० मेगाहर्ट्झसाठी जादा पैसे मोजू नयेत, असं माझं मत आहे.

डिजिटल की आरएफ? नोकऱ्या डिजिटल आणि व्हेरिफिकेशनमध्ये जास्त आहेत, बंगळुरू, हैदराबाद आणि पुण्यातही. आरएफची माणसं कमी लागतात, पण तयार व्हायला वेळ लागतो आणि तयार झाली की कुणी सोडत नाही. पोटापाण्याचा विचार करून डिजिटल घेतलंत तर चूक नाही. पण वरच्या प्रसंगात उत्तर सापडलं ते डिजिटलच्या मुलाला, ज्याला ०.४ फेरी म्हणजे काय हे कळत होतं. सिग्नल प्रोसेसिंग सोडू नका. व्हेरिलॉग (सर्किट लिहायची भाषा) तर येईलच.

प्रोजेक्टचं विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण शेवटच्या वर्षाला आहात. कॉलेजच्या लॅबमध्ये ॲडाल्म-प्लूटो किंवा तसा एखादा सॉफ्टवेअर रेडिओ असेल तर तो मिळवा. प्लूटो ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि २० मेगाहर्ट्झ रुंदी घेतो, २.४ ला तेवढं पुरे. यूएसबीतून सलग एवढा डेटा निघत नाही, पण काही मिलिसेकंदांचे तुकडे नोंदवता येतात. घरच्या राउटरवरून व्हिडिओ चालू ठेवा, चॅनलच्या केंद्रावर २० मेगासॅम्पलने नोंदवा, आणि सोळा सॅम्पल मागच्या सिग्नलशी गुणाकार करणाऱ्या दहा ओळी लिहा. ओएफडीएमचं (वरच्या अनेक उपवाहकांच्या पद्धतीचं) पॅकेट जिथे सुरू होतं तिथे आलेखावर ८ मायक्रोसेकंदांचं एक छोटं पठार दिसेल. बीकन (राउटर आपली हजेरी सांगायला पाठवतो ती पॅकेटं) शोधत बसू नका. २.४ मध्ये ते बहुतेक वेळा १ मेगाबिटच्या जुन्या पद्धतीने जातात, त्यांच्यात हे पठार नसतं आणि आपला कोड चुकला असं वाटून तुम्ही आठवडा घालवाल. पठार मिळालं की त्याची फेज वाचा, राउटरच्या क्रिस्टलचा फरक निघेल. मग राउटर बंद करून, अँटेना काढून, पुन्हा नोंदवा आणि तुमच्या रेडिओच्या स्वतःच्या क्लॉकचे हार्मोनिक कुठे येतात ते शोधा. मुलाखतीला कुणी माझ्यासमोर तो दुसरा आलेख ठेवला, तर पुढचे प्रश्न मी त्यावरच विचारेन.